रेल्वेचे फाटक आणि गावाची गणती



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानांना येणारे वक्ते संतवाङ्मयावर बोलतात, इतिहासावर बोलतात, परदेशचा प्रवास करून आलेले तिकडच्या गोष्टी सांगतात. आम्ही आज रेल्वेच्या फाटकावर बोलणार आहोत. विषय ऐकून कोणाला वाटेल की यात तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय? दोन खांब, एक आडवा दांडा, शेजारी एक खोली आणि हातात झेंडा घेतलेला एक माणूस. पण आमची अशी समजूत आहे की गावातले जुने फाटक सुधारायला निघाले की त्या गावात कोणाला किंमत आहे आणि कोणाला नाही हे जितके स्पष्ट दिसते, तितके ते निवडणुकीतही दिसत नाही.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आम्हांला लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या दाराशी झाले, कारण आमच्या सभा तिथेच भरतात. पाळी सुटते, माणसे बाहेर पडतात, तेवढ्या दहा मिनिटांत बोलायचे. त्यांना फाटकसभा म्हणतात. तेव्हा फाटकाशी आमचे नाते जुने आहे. फाटक कोणासाठी उघडते, कोणासाठी बंद होते, आणि ते उघडझाप करणाऱ्या माणसाला काय मिळते, हे प्रश्न विचारायची सवय आम्हांला तिथेच लागली. इन्सुलीकरांना तर यातले निम्मे सांगायलाच नको. मोटारवाल्यासमोर इन्सुलीचे नाव काढले की त्याला आधी नाका आठवतो. रस्त्यावर आडवा दांडा पडला की वाहनांच्या रांगेत काय चालते, घाई कोणाला असते आणि खोळंबा कोणाच्या वाट्याला येतो, हे तुम्ही रोज पाहता.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. कोकणातली माणसे त्या रेल्वेने चालवलेल्या मुंबईत गिरण्यांत राबायला गेली, पण खुद्द कोकणात रेल्वे यायला आणखी जवळजवळ दीड शतक जावे लागले. बॅरिस्टर नाथ पै यांनी या मागणीसाठी संसदेत आवाज उठवला, प्राध्यापक मधु दंडवते यांनी ती लावून धरली. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री होते दंडवते. ज्या फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली मे १९७४ मध्ये देशभरातल्या रेल्वे कामगारांनी वीस दिवस चाके थांबवली होती, त्यांच्याच मंत्रीपदाच्या काळात कोकणच्या चाकांना गती मिळाली. १९७४ चा तो संप आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला. त्याच्या मागण्यांत सर्व रेल्वे कामगारांना आठ तासांचा दिवस ही एक मागणी होती. ती लक्षात ठेवा. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा सबंध मार्ग सुरू झाला. देशावरच्या सपाट मुलखात रूळ आणि रस्ता एकाच पातळीवर येतात, म्हणून तिथे गावोगाव फाटके. कोकणात डोंगर पोखरायचा आणि दरीवर पूल बांधायचा, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रस्ता रुळाखालून किंवा वरून गेला. हे कोकणचे नशीब म्हणायला हवे. तथापि प्रश्न आपला नाही असे म्हणून चालणार नाही. मार्च २०२२ पर्यंत हा सर्व मार्ग विजेवर आला. डिझेलचे इंजिन दोन डोंगरांपलीकडून आपण येत असल्याची वर्दी देत असे. विजेचे इंजिन त्या मानाने मुकाट्याने येते. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत गाडी या मार्गाने धावते. रोहा ते वीर या टप्प्यात २०२१ मध्ये दुसरा रूळ पडला. पुढेमागे तो खाली सरकत आपल्या मडुऱ्यापर्यंत आला, तर एक गाडी गेली म्हणून निर्धास्तपणे पाऊल टाकणाऱ्यापुढे दुसऱ्या रुळावरून दुसरी गाडी उभी राहील. रूळ बदलतो, वेग बदलतो, आवाज बदलतो. माणसाची चाल मात्र बदलत नाही.

त्या चालीचाच हिशेब करू. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे येते. भरलेली बैलगाडी सेकंदाला मीटरभर जाते. दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये बारा मीटर अंतर धरले, तर बैलगाडीला पार व्हायला बारा सेकंद लागतात. तेवढ्यात आगगाडी सुमारे ३३५ मीटर आलेली असते. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला मान फिरवून पाहता येत नाही. वळण असले, पाऊस असला, तर पाहूनही दिसत नाही. शिवाय गाडीचालकाने धोका पाहून ब्रेक दाबला तरी गाडी जागच्या जागी उभी राहत नाही. एवढ्या वेगात असलेल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागू शकते. म्हणून फाटकावरचा अपघात चालकाच्या हुशारीने टळत नाही. तो टळायचा तर फाटकावरच टळला पाहिजे.

फाटक नसले तर काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे लग्नाच्या मंडळींना घेऊन चाललेला ट्रॅक्टर बिनफाटकाच्या, म्हणजे जिथे दांडाही नाही आणि माणूसही नाही अशा ओलांडणीवर गाडीखाली सापडला. पन्नासाहून अधिक माणसे गेली. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या ट्रॉलीत बसून लग्नाला कोण जाते? ज्याला मोटार परवडत नाही तो. मोटार वाहन कायद्याचे १३१ वे कलम सांगते की अशा ओलांडणीशी चालकाने वाहन उभे करावे, वाहक किंवा मदतनीस असेल तर त्याने, नसेल तर चालकाने स्वतः खाली उतरून पुढे जाऊन पाहावे, आणि मगच वाहन न्यावे. कायदा शहाणा आहे यात वाद नाही. पण शहाणपणाची सगळी जबाबदारी ट्रॅक्टरवाल्यावर टाकून दांड्याचा आणि माणसाचा खर्च वाचवायचा, हा व्यवहार कित्येक वर्षे चालला होता.

सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली रेल्वे सुरक्षिततेसाठी समिती नेमली. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिने अहवाल दिला. माणूस असलेली आणि नसलेली, अशी सगळीच फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत आणि तिथे पूल किंवा भुयारी मार्ग करावेत, खर्च सुमारे ५०,००० कोटी रुपये येईल, असे तिने स्पष्ट सांगितले. पाच वर्षे गेली. त्यानंतर २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात बिनफाटकाच्या ओलांडणीवर शाळेच्या गाडीतली तेरा मुले गेली. मग चक्रे जोरात फिरली आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गावरची बिनफाटकाची ओलांडणी संपली. हे काम चांगलेच झाले, त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिले पाहिजे. माणूस असलेली फाटके मात्र अजून देशात सतरा हजारांच्या घरात आहेत. जुने फाटक सुधारणे म्हणजे काय, हा प्रश्न आता त्यांच्यापुरता उरला आहे.

सुधारणेची पहिली पायरी यंत्राची. फाटके दोन जातींची असतात. एका जातीत फाटक आणि सिग्नल एकमेकांना बांधलेले असतात: दांडा खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला हिरवा दिवा मिळतच नाही, आणि हिरवा दिवा दिलेला असताना दांडा वर जात नाही. याला इंटरलॉकिंग म्हणतात. दुसऱ्या जातीत अशी गाठ नसते. स्टेशनमास्तर टेलिफोन करतो, गाडी येत आहे असे सांगतो, फाटकवाला फाटक बंद करतो आणि दोघे एक खासगी आकडा एकमेकांना सांगून वहीत नोंदवतात. सगळी भिस्त एका टेलिफोनवर, एका वहीवर आणि एका माणसाच्या जागेपणावर. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे अशाच बिनगाठीच्या फाटकावर शाळेच्या गाडीला रेल्वेने धडक दिली आणि तीन विद्यार्थी मरण पावले. फाटकवाल्याला अटक झाली. कोणाची चूक किती हे न्यायासन ठरवील. आम्ही एवढेच विचारतो, की जिथे एका माणसाच्या विसरण्याने तीन मुले मरू शकतात, तिथे ती गाठ मारायची कोणी ठेवली होती?

याचे उत्तर एका गुणाकारात आहे. दिवसभरात फाटकावरून किती आगगाड्या जातात आणि किती वाहने जातात, यांचा गुणाकार करतात. चाळीस आगगाड्या आणि पाचशे वाहने, म्हणजे २०,०००. इंटरलॉकिंग करायला हा आकडा २०,००० असावा असा दंडक होता. कडलूरनंतर तो १०,००० वर आणण्याचा आदेश निघाला. आणि हाच आकडा एक लाखावर गेला म्हणजे रेल्वेने आणि राज्य सरकारने निम्मा निम्मा खर्च करून उड्डाणपूल बांधावा अशी जुनी वहिवाट आहे. आता तुमच्या ओळखीचे एखादे लहान गाव घ्या. चाळीस आगगाड्या, दिवसाला शंभर वाहने; गुणाकार ४,०००. त्या गावाला गाठही नाही आणि पूलही नाही.

शाळेत आम्ही गणितात हुशार होतो असे कोणी म्हणणार नाही, पण मजुरीचे हिशेब करता करता एक शिकलो: उत्तर चुकीचे वाटले तर बेरीज तपासण्याआधी काय मोजले ते तपासावे. हा गुणाकार वाहनांचा आहे. ट्रक आला की मोजला जातो. पायी चालणाऱ्याला यात जागाच नाही. सकाळी फाटक ओलांडून शाळेत जाणारी साठ मुले, लावणीला जाणाऱ्या तीस बाया, काजूच्या कारखान्यात कामाला निघालेल्या मुली, पलीकडच्या मळ्यात गुरे नेणारा म्हातारा, या सगळ्यांची बेरीज शून्य. साहेबांची एक रिकामी मोटार त्यांच्यापेक्षा जास्त भरते. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी पद्धत बसवली त्यांना रस्त्यावरची कोंडी मोजायची होती आणि पायी माणूस कोंडी करीत नाही. पण जीव मोजायचे ठरवले असते, तर आकडा वेगळा आला असता.

म्हणून जुन्या फाटकाच्या सुधारणेचे बोलणे निघाले की गावाने पहिली गोष्ट करावी ती मोजणीची. ग्रामसभेने आठ-दहा तरुण पोरे बसवावीत, एक वही द्यावी, आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत सात दिवस कोण कोण ओलांडते ते लिहून काढावे. पायी किती, सायकली किती, गुरे किती, त्यांत शाळेची मुले किती. ही मोजणी भर मे महिन्याच्या दुपारी करू नये. आठवडा बाजाराच्या दिवशी करावी, लावणीत करावी, आणि चतुर्थीला चाकरमानी आल्यावर तर अवश्य करावी. त्या दिवसांत इकडे रुळावर जादा गाड्या असतात आणि तिकडे गावात माणसे दुप्पट. ती वही ठरावासोबत जोडून पाठवावी. नुसता अर्ज टोपलीत जातो. आकड्यांची वही टोपलीत टाकायला अधिकाऱ्याचा हात थोडा तरी कचरतो. मजुरांच्या मागण्या मांडताना आम्हांला हा अनुभव आलेला आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती आमच्या धंद्याची. फाटकवाला दिवसभर करतो काय? लोक म्हणतात, झाडाखाली बसतो, गाडी आली की दांडा पाडतो. कायदाही जवळजवळ तेच म्हणतो. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १३० व्या कलमात कामांचे वर्ग पाडलेले आहेत. ज्या कामात निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ निष्क्रिय जातो, म्हणजे त्या वेळात अंगमेहनत करावी लागत नाही आणि सतत लक्षही ठेवावे लागत नाही, ते काम मुळातच तुटक स्वरूपाचे धरता येते. तसे ते एकदा जाहीर झाले, म्हणजे पुढच्या कलमांप्रमाणे आठवड्याला ७५ तासांपर्यंत माणूस राबवता येतो. नेहमीच्या अखंड कामाला ही मर्यादा ५४ तासांची आणि अतिश्रमाच्या कामाला ४५ तासांची. स्वातंत्र्याच्या सुमारास न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निवाड्यात हे आकडे आले. पुढे न्यायमूर्ती मियांभाई यांच्या न्यायाधिकरणाने १९७२ च्या अहवालात प्रत्यक्ष पाळ्यांचे तास कमी करायची वाट दाखवली. तरी पुष्कळ फाटकांवर आजही बारा तासांची पाळी आहे. १९७४ च्या संपातली आठ तासांची मागणी या फाटकांपर्यंत पोचायची आहे.

राजाध्यक्षांच्या निवाड्याला आम्ही नावे ठेवत नाही. त्यापूर्वी रेल्वे कामगाराच्या तासांची मर्यादा याहून जास्त होती. त्या निवाड्याने ती कमी केली. पण दिवसातून सहा गाड्या जाणाऱ्या फाटकासाठी जे खरे होते, ते चाळीस गाड्या जाणाऱ्या फाटकासाठी खरे कसे असेल? आणि मुळात वाट पाहणे हे काम आहे की नाही? घरात तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई काही करीत नाही असे कोणी म्हणत नाही. फाटकवाल्याची वाट पाहणे त्याच जातीचे. दोन गाड्यांच्या मधल्या अर्ध्या तासात टेलिफोन वाजेल तेव्हा जागे असायचे, दुचाकीवाला दांड्याखालून वाकून घुसला तर ओरडायचे, दांडा पाडला म्हणून शिव्या खायच्या. एखादा ट्रक मध्येच बंद पडला तर काय करायचे याचा नियम ऐका. धोक्याचा लाल झेंडा किंवा दिवा दाखवायचा, आणि येणाऱ्या गाडीच्या दिशेने धावत जाऊन ६०० मीटरवर रुळावर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके ठेवायचे; चाक वरून गेले की ते फुटतात आणि चालकाला इशारा मिळतो. खडीवरून, रात्री, पावसात १,२०० मीटर धावायचे. ताशी १०० किलोमीटरची गाडी तेच अंतर ४३ सेकंदांत कापते. अकराव्या तासाला हे धावणे ज्याच्याकडून अपेक्षित आहे, त्याच्या कामात सतत लक्ष ठेवावे लागत नाही असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

तेव्हा फाटक सुधारायचे तर आठ तासांची पाळी हा त्या सुधारणेचाच भाग आहे. लोखंडी दांडा जाऊन विजेचा दांडा आला, कॅमेरा बसला, बोलण्याची ध्वनिमुद्रणे होऊ लागली, याला आमचा विरोध नाही. पण कॅमेरा झोप पाहू शकतो, झोप भागवू शकत नाही. फाटकाच्या खोलीला पाणी हवे, दिवा हवा, संडास हवा. आता काही फाटकांवर स्त्रियाही काम करतात, त्यांना निर्जन माळावर रात्रपाळी देताना याचा विचार नको काय? काही ठिकाणी ही कामे कंत्राटावर दिली जातात. त्या माणसांच्या लायकीविषयी आम्ही अक्षर काढणार नाही. त्यांत माजी सैनिकही आहेत. परंतु ज्याची नोकरी अकरा महिन्यांनी संपणार, तो वरिष्ठाला टेलिफोन बिघडला आहे असे ठणकावून कसा सांगणार? सुरक्षितता म्हणजे शेवटी काय, तर खालच्या माणसाला वरच्या माणसाशी न घाबरता बोलता येणे.

यावर कोणी म्हणेल, माणूसच काढून टाका, सगळे यंत्रावर सोपवा. त्याचेही उदाहरण आहे. इंग्लंडात हिक्सन नावाच्या गावी १९६७ मध्ये जुने फाटक बदलून आपोआप पडणारे अर्धे दांडे बसवले. गाडी आली की दिवे लागायचे, दांडे पडायचे, आणि इशाऱ्यापासून साधारण २४ सेकंदांत गाडी हजर. ६ जानेवारी १९६८ रोजी १२० टनांचा विजेचा ट्रान्सफॉर्मर लादलेले एक अजस्र वाहन, पुढे पोलिसांची मोटार घेऊन, संथपणे त्या फाटकावर आले. ते पार व्हायलाच मिनिटभर लागणार होते. ते रुळावर असताना दिवे लागले आणि मँचेस्टरहून लंडनला जाणारी गाडी आली. अकरा माणसे मेली. अवजड वाहन नेण्यापूर्वी सिग्नलवाल्याला टेलिफोन करावा अशी पाटी तिथे होती; पण ती सूचना ज्यांना ठाऊक असायला हवी त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. पूर्वीच्या फाटकवाल्याने ते धूड दुरून पाहिले असते. यंत्र पाहत नव्हते, ते फक्त सेकंद मोजत होते. यंत्र आणणाऱ्यांनी गाडीचा वेग मोजला, रस्त्यावरून येणाऱ्याचा वेग मोजला नाही. हे इंग्लंडात झाले, जिथे रेल्वेचा जन्म झाला. आपण तर त्याहून सावध असायला हवे. यंत्र जरूर आणावे, पण आधी त्या रस्त्याने काय काय जाते ते तिथे राहणाऱ्याला विचारावे.

आता तिसरी गोष्ट. फाटक सुधारण्याचा सर्वांत मोठा मार्ग म्हणजे फाटक काढूनच टाकणे. मुंबईकडच्या चाकरमान्यांना दिव्याचे फाटक ठाऊक आहे. आपल्या सावंतवाडीची पॅसेंजर तिथूनच सुटते. तिथे फाटक उघडले की लोकल थांबतात आणि बंद ठेवले की गाव थांबते. अशा ठिकाणी उड्डाणपुलाशिवाय दुसरे औषध नाही. पण खेड्यात बहुधा उड्डाणपूल मिळत नाही, कारण मघाचा तो गुणाकार आडवा येतो. खेड्याला मिळतो तो कमी उंचीचा भुयारी मार्ग. रुळाखाली काँक्रीटच्या पेट्या सरकवायच्या, दोन्ही बाजूंनी उतार द्यायचा आणि वरचे फाटक बंद करायचे. काम झटपट होते, गाडीला अडथळा राहत नाही, फाटकवाल्याचा पगारही वाचतो.

पण पाऊस? विदर्भ-मराठवाड्यात जिथे पाऊस बेताचा, तिथेही असे भुयारी मार्ग पावसाळ्यात तुंबल्याच्या तक्रारी दर वर्षी होतात. आपल्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेरेखोलला पूर आला की बांद्याच्या बाजारपेठेत पाणी शिरते, हे येथे बसलेल्यांपैकी कित्येकांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून पाहिले आहे. अशा मुलखात जमिनीच्या पातळीखाली खड्डा खणून त्याला रस्ता म्हणायचे असेल, तर पाणी कोठून जाणार हे आधी ठरले पाहिजे. नाहीतर जून ते सप्टेंबर रस्ता पाण्याखाली, वरचे फाटक कुलूपबंद, आणि मग शाळेची मुले काय करतात? रुळावरून चालतात. म्हणजे ज्या ओलांडण्याला पूर्वी निदान दांडा होता आणि हाक मारणारा माणूस होता, ते ओलांडणे आता चोरून, विनादांडा, विनामाणूस सुरू होते. कागदावर फाटक संपले, अपघात संपले. जमिनीवर धोका होता तिथेच राहिला. फक्त आता मरणाऱ्याला अपराधी म्हणता येते, कारण रुळावरून चालणे हा गुन्हा आहे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. काकोडकर समितीनेही रूळ ओलांडताना देशात वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसे मरतात याकडे लक्ष वेधले होते.

भुयारी मार्ग नकोच असे आमचे म्हणणे नाही. जिथे रूळ भरावावर आहे आणि रस्ता आपसूक खालून जातो, तिथे तो उत्तम. अट एवढीच, की पाणी उताराने व्हाळाला मिळाले पाहिजे. पंप लावून पाणी काढू असे कोणी म्हणाले, तर तो पंप कोण चालवणार, वीज गेली तर काय, आणि डिझेलचे पैसे कोणाच्या खात्यातून, हे लिहून घ्यावे. कोकणात पाऊस आला की वीज जाते, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. पायी जाणाऱ्यांसाठी बाजूला उंच कट्टा हवा, दिवा हवा. गवताची गाडी आणि एस.टी. त्यातून जाईल एवढी उंची आहे की नाही, ते गावातल्या गाडीवानाने काठी लावून पाहावे. आणि पर्यायी वाट पूर्ण झाल्यावर एक सबंध पावसाळा ती चालते की नाही हे पाहूनच जुने फाटक बंद व्हावे. आधी बंद, मग पर्याय, हा क्रम गावाने कधीही मान्य करू नये.

चौथी गोष्ट लहान आहे, पण रोज छळणारी. फाटकाच्या दोन दांड्यांमधला रस्ता रेल्वेचा. त्याच्या बाहेरचा जिल्हा परिषदेचा, बांधकाम खात्याचा किंवा ग्रामपंचायतीचा. त्या दोहोंच्या सांध्यावर जो खड्डा पडतो, तो कोणाचाच नसतो. त्याच खड्ड्यात बैलगाडीचे चाक रुतते, त्याच खड्ड्यात दुचाकी आपटते, आणि ती आपटते नेमकी रुळाच्या तोंडाशी. आमच्या मते जुन्या फाटकाच्या सुधारणेची सुरुवात या खड्ड्यापासून करावी. दोन्ही खात्यांच्या माणसांना एका दिवशी, एका वेळी त्या खड्ड्यापाशी उभे करावे. हे काम सरपंचाने मनावर घेतले तर आठवड्यात होते. आमचा अनुभव असा की दोन खाती स्वतंत्रपणे पत्रे पाठवतात तेव्हा वर्षे जातात. दोन माणसे एका खड्ड्याकडे एकाच वेळी पाहतात तेव्हा खडी लगेच येते.

मंडळी, आम्ही तीन प्रकारची माणसे मोजणीतून गळालेली दाखवली. पायी ओलांडणारा वाहनांच्या गुणाकारात नाही. फाटकवाल्याची वाट पाहणे कामाच्या तासांत पुरते नाही. आणि पावसाळ्यात बंद पडलेल्या वाटेपाशी उभे असलेले गाव फाटक हटवल्याच्या अहवालात नाही. वास्तविक ही तिघे एकमेकांना ओळखतात. फाटकवाला बाजारच्या दिवशी म्हातारीचे बोचके उचलून पलीकडे पोचवतो, मुले त्याच्या मडक्यातले पाणी पितात, आणि वादळात झाड आडवे पडले की गावातली पोरे कोयते घेऊन त्याच्या मदतीला येतात. तरीही रेल्वेकडे मागणी जायची वेळ येते तेव्हा गाव आपले वेगळे निवेदन देते आणि फाटकवाल्याची युनियन आपले वेगळे. गावाला वाटते युनियन पगाराचे पाहते. युनियनला वाटते गाव रस्त्याचे पाहते. हे दोन कागद एकत्र जोडले गेले पाहिजेत. गावाच्या ठरावात आठ तासांच्या पाळीचे कलम असावे, आणि युनियनच्या मागणीपत्रात शाळेच्या मुलांची मोजणी असावी. कारण बारा तास जागलेल्या फाटकवाल्याचे डोळे मिटले, तर त्या क्षणी रुळावर त्याच्या युनियनचा सभासद नसतो, तुमच्या गावचे मूल असते.

पुढच्या पावसाआधी एप्रिल-मेचे हे थोडे दिवस हातात आहेत. येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्या वाटेवर फाटक असेल, त्यांनी या आठवड्यात एकदा तिथे पहाटे जाऊन उभे राहावे आणि पहिल्या तासात कोण कोण पायी ओलांडते ते मोजावे. वही दोन रुपयांची नसली तरी दहा रुपयांना मिळते. आणि फाटकवाल्याला त्याची पाळी किती तासांची आहे ते विचारावे. त्याचे उत्तरही त्याच वहीत लिहावे.